चावली सांगलीत, फुगलो साताऱ्यात

"तुम्हाला मटणाची ॲलर्जी आहे, आणि ती गोचिडीनं दिलीय," सांगलीच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. मला आधी हसू आलं. मग मी तळहात लपवले.

आजाराचं नाव अल्फा-गॅल सिंड्रोम. म्हणजे गोचीड चावली की तिच्या लाळेतून काहीतरी अंगात जातं, आणि मग अंग चार पायांच्या जनावराच्या मटणाला वैरी समजतं. कोंबडी, मासे चालतात.

मी यवतमाळकडचा, सातवीत शाळा सुटलेला. कुपवाडला कारखान्यात आहे. माधवनगरजवळ घरमालकीण आक्कांच्या गोठ्यामागं खोली घेतली होती. म्हशींच्या गोचिडी पायाला चिकटायच्या, मी उपटून टाकायचो.

पहिला झटका आक्कांच्या माहेरी आला, सातारा जिल्ह्यात, कराडकडच्या यात्रेत. दुपारी बोकडाचं जेवलो. दिवेलागणीला तळहात खाजले, ओठ सुजले, श्वासाला शिट्टी लागली. कराडच्या दवाखान्यात इंजेक्शननं वाचलो. जेवून पाच तास झालेले, मटणावर कुणाचा संशय गेला नाही. पुढं माधवनगरला दोनदा तसंच, त्याच वेळेला. म्हशी धारेला हंबरल्या की मी आधी तळहात बघायचो.

आक्का म्हणाल्या, "देवाला तू परका वाटतुयास. वशाट खाऊ नगं."

मटण, कोंबडी, मासे, सगळं सोडलं. कामावरचा मित्र म्हणाला, "कोंबडी खा रं गड्या. देव काय डबा उघडून बघतुय व्हय?" खाल्ली. संध्याकाळभर भिंतीला पाठ लावून बसलो. काहीच झालं नाही.

आधीच्या डॉक्टरांनी विचारलं की आक्का सांगायच्या, "वशाट खाल्लं हुतं." त्या एका शब्दात बोकड, कोंबडी, मासे सगळं बुडायचं. मॅडमनी पहिल्यांदा विचारलं, "वशाट म्हणजे कशाचं?" मग रक्ताची तपासणी, आठवडाभर वाट, आणि हे नाव.

मी विचारलं, "डेंग्यूसारखं हे सरकारला कळवणार ना?"

"तसा नियम नाही. आणि कळवायचं तरी कुठं? चावली सांगलीत, फुगलात साताऱ्यात."

तेव्हा शेजारी बसलेल्या आक्का हळूच म्हणाल्या, "आमचं धाकलं दीर ह्याच्याच खोलीत ऱ्हायाचं. जत्रंचं जेवलं आन् दिवं लागताना गेलं. समदी म्हणली, हार्ट ॲटॅक."

"तोंड सुजलं होतं?"

"वळखू येत नव्हतं, बाई."

त्या दिरांची टोपी अजून खोलीत खुंटीला होती. मी तिच्याखाली झोपायचो.

मॅडमनी नियम नसताना दोन्ही जिल्ह्यांना पत्र लिहिलं. वर माझं नाव, खाली दिरांचं, पुढं प्रश्नचिन्ह. त्यांचे उपकार मी फेडू शकत नाही.

तुमच्या अंगावर जेवणानंतर चार-पाच तासांनी गांधी उठल्या, तर नुसतं वशाट म्हणू नका. जनावराचं नाव घ्या, गोचिडीचं सांगा. आणि डॉक्टरांना विचारा, कळवलंत का? हे त्यांच्या मर्जीवर नको, नियमच पाहिजे.

आक्कांनी मला पुढची खोली दिली. मागच्या खोलीत परवा नवा भाडेकरू आलाय. काल तो पाय खाजवत दारात बसला होता. मी माझ्याकडची पत्राची झेरॉक्स काढून बघितली. प्रश्नचिन्हाखाली अजून एका नावाला जागा आहे. मी उठून त्याच्याकडं गेलो.