प्रार्थना करायची नाही

गाडी शहरातल्या सदरहून निघाली तेव्हापासून मी सासूबाईंच्या मागे लागले होते. "आई, तिथं प्रार्थना करायची नाही. बायबल पिशवीतच ठेवा. गळ्यातला क्रूस पदराखाली घ्या." त्यांनी क्रूस आत टाकला आणि फणकारल्या, "मले काय लहान पोरगी समजून राहिली का वं?"

चर्चच्या आम्ही सहा बायका दर डिसेंबरात कुहीकडच्या एका गावातल्या शाळेत जातो. स्वेटर, वह्या आणि पोरांना एक वेळचं चांगलं जेवण, बस. यंदा मुख्याध्यापिकेचा आधीच फोन आला. हे लोक पोरांचं धर्मांतर करतात, अशी गावातल्या कुणीतरी वर तक्रार केली होती. "या ताई, पोरं थंडीत कुडकुडून राहिले. पण धर्माचा एक शब्द जरी निघाला, तर माझी नोकरी गेलीच समजा." तिचा नवरा दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला, घरात कमावणारी ती एकटी. मला तिची काळजी होती, खरंच होती. म्हणून तर गाडीभर सगळ्यांचं डोकं खाल्लं.

फाटकातच दोघं उभे. त्यातला एक शाळा समितीचा, हातात मोबाईल, कॅमेरा सुरू. मी नमस्कार केला, तर त्यानं मान वळवली. आम्ही स्वेटर वाटत होतो आणि तो एकेक स्वेटर उलटापालटा करून बघत होता, आत एखादं पत्रक तर नाही ना. असं डोकं तापलं माझं! म्हणावंसं वाटलं, घालूनच बघ ना बाबा, तुलाही देते एक. पण मुख्याध्यापिकेच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुढचा स्वेटर हातात घेतला.

मग ओसरीवर पंगत बसली. मसालेभात आणि बुंदी वाढून झाली. पोरांनी हात जोडले, डोळे मिटले आणि जेवणाआधीचा रोजचा श्लोक म्हणायला घेतला. आम्ही भिंतीशी उभ्या. माझेही हात जोडले गेले, डोळे मिटले. समोर ताट आणि प्रार्थना असली, की शेवटी एक शब्द म्हणायचाच, ही माझी पाळण्यातली सवय. श्लोक संपला, ओसरी शांत झाली आणि त्या शांततेत माझ्या तोंडून खणखणीत निघालं, "आमेन!"

अगं बाई गं!

दोन-चार पोरं हसत "आमेन, आमेन" करायला लागली. मोबाईलवाला तीन ढांगांत ओसरीवर. "कोण बोललं? मॅडम, पोरायले हेच शिकवून राहिल्या का तुम्ही?" मुख्याध्यापिका पांढरीफटक. पोरांचे हात ताटातच थांबले.

"कोण बोललं, सांगा!"

मी. एवढंच तर म्हणायचं होतं. पण त्या मोबाईलकडे बघून मला इतकी भीती वाटली, की जीभ हलेना.

"मी बोलली गा," सासूबाई पुढे झाल्या. "म्हाताऱ्या माणसाची सवय. मॅडमचा काही दोष नाही."

"कॅमेऱ्यासमोर माफी मागा, आजी."

उभ्या आयुष्यात कुणापुढे न वाकलेल्या त्या बाईनं हात जोडले. "माफ कर, लेका. चूक माझी हाये." त्यानं मोबाईल खिशात टाकला आणि पोरांना म्हणाला, "जेवा आता."

मुख्याध्यापिकेची चौकशी झाली. त्या व्हिडिओमुळेच ती सुटली, नोकरी राहिली. पण व्हिडिओ फिरत फिरत आमच्या चर्चच्या ग्रुपवरही आला. उपासना संपली, की अजून कुणी ना कुणी सासूबाईंना टोचतं, "बाई, एवढं सांगूनही तोंड आवरलं नाही तुमचं?" त्या हसून ऐकून घेतात. मी शेजारीच उभी असते आणि दर वेळी गप्प राहते.