जागेवर न बसणारी माधवी

नाचणगावच्या विहारात वंदना सुरू झाली की साऱ्यांचे हात जोडलेले असत. तानाबाईचा एकच हात वंदनेला मोकळा असे. दुसऱ्या हातानं ती लेकीचा फ्रॉक धरून ठेवी. हात सुटला की माधवी पसार. शाळेत मास्तर म्हणत, "अंगात किडे आहेत पोरीच्या." माधवीलाही ते खरंच वाटे. आत काहीतरी सतत वळवळतं, एवढं तिला कळे. त्याला गप्प कसं करायचं ते काही कळत नसे.

दहावीला दोनदा गचकली. सत्त्याण्णव साली पुलगावात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात लागली. तिच्या वाट्याला कॉलर आली. दिवसभर नुसती कॉलर. सकाळच्या कॉलरी सुबक येत. मग पत्र्यावर कावळा उतरे, शेजारणीचा दोरा तुटे, रस्त्यावरून एसटी जाई आणि माधवीचं मन एकेकाच्या मागं धावत सुटे. परतून बघावं तर कॉलर उलटी लागलेली! मग ती स्वतःला चिमटे काढी. तहान नसताना पाण्याला उठे.

"काऊन उठली पुन्हा?" सुपरवायझर ओमप्रकाश ओरडे. "खुर्चीले काटे आहेत काय तुह्या?"

सगळ्या बाया हसत. माधवीही हसे, सगळ्यांत मोठ्यानं.

जून तोंडावर आला, मालाची घाई झाली. एके दिवशी तिनं ठरवलं, आज उठायचंच नाही. दात आवळून बसली. पाय थरथरत होते, मान आखडली होती, नजर कापडावर खिळवून ठेवली होती. आणि मन कुठंतरी निघून गेलं, तेवढ्यात सुई बोटातून आरपार गेली. कटिंगवरच्या मंदाबाईनं धावत येऊन चिंधी बांधली. ओमप्रकाश घाबरला होता. घाबरला म्हणून चिडला.

"उद्यापासून येऊ नको. ध्यानच नाई तुहं कामात."

घरी बसणं म्हणजे तर शिक्षाच. अंगण झाडलेलं पुन्हा झाडून झालं, भांडी घासून झाली. तिसऱ्या प्रहरी मंदाबाई आली.

"चाल उद्या माह्यासंग ओमप्रकाशकडे. पण बोलायचं तू. त्याले काय सपन पडते तुह्या मनातलं?"

दुसऱ्या दिवशी माधवी ओमप्रकाशसमोर उभी राहिली. बोलताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"भाऊ, मी आळशी नाई. एकाच जागी एकच काम केलं की डोकं पयून जाते. थोडी कॉलर द्या, थोडं काजं-बटनं, थोडा माल न्यायचं काम द्या. करून पाह्यतो."

"तुले दिलं तर साऱ्याच मांगतील. मंग शिस्त कायची?"

"मांगू दे ना," मंदाबाई म्हणाली. "माही कंबर रोज मोडते उभ्यानं. म्या कधी म्हटलं नाई म्हणून तुले समजलं नाई."

जून सरेपर्यंत बघू, असं ओमप्रकाश म्हणाला. बाया कुजबुजल्या, "लाडाची झाली." माधवी चुकायची अजूनही, एकदा भलताच गठ्ठा भलतीकडं नेऊन टाकला. पण उलट्या कॉलरी कमी झाल्या. मंदाबाईला उंच स्टूल मिळालं. जून सरला, पुढचाही जून सरला. वाटून दिलेलं काम तसंच राहिलं.

दोन हजार आठ साली वर्ध्याहून एक डॉक्टरीणबाई कारखान्यात कामगार बायांशी बोलायला आल्या. म्हणाल्या, काहींचा मेंदू जन्मापासूनच वेगळा चालतो. कुणाला गोंगाट सोसत नाही, कुणाला एका जागी बसवत नाही. तो आळस नाही, आईबापांची चूक नाही. अशा माणसासाठी कामाची रीत थोडी बदलली तर ते लाड नव्हेत, तो त्याचा हक्क आहे.

माधवी दाराशी उभी होती. साऱ्या माना तिच्याकडं वळल्या. ती बाहेर पडली आणि भर उन्हात शेडभोवती चालत सुटली. मंदाबाई मागोमाग आली.

"रडून राह्यली काय वं?"

"नाई. राग आला."

"कोनाचा?"

माधवी चालतच राहिली. मास्तरांचा? ओमप्रकाशचा? की आपल्याच दंडाला आपण काढलेल्या चिमट्यांचा?

संध्याकाळी ओमप्रकाशच तिच्याजवळ आला. कानामागं पिकलेल्या केसांत खाजवत म्हणाला, "मले काय मालूम होतं, माधवी?"

"मलेबी नव्हतं," ती म्हणाली. "पन नव्या पोरींले खुर्चीतले काटे नका विचारू आता. काय होते ते विचारा."

त्यानं मान डोलावली. तिचा राग मात्र काही त्या दिवशी गेला नाही. पुढंही काम नीट होई, हात चालत. आणि मधूनच तो उसळून येई.