चातुर्मासातला टीव्ही

केबलची काळी तार गच्चीवरून उतरून खिडकीच्या फटीतून आमच्या दिवाणखान्यात शिरली, त्या वर्षी घरातल्या मोठ्या माणसांना एकाएकी संस्कारांची आठवण झाली. तोवर संस्कार म्हणजे सूर्य मावळण्याआधी जेवणे आणि जेवताना न बोलणे, एवढेच होते. आता पडद्यावर दिवसभर रंग सांडू लागले आणि माझी नऊ वर्षांची मुलगी त्यांच्यासमोर मांडी घालून बसू लागली.

सासरे सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे व्यापारी. त्यांच्या सदऱ्याला, चष्म्याच्या काड्यांना, देवळात जोडलेल्या हातांनाही हळदीचा कोरडा, किंचित कडू वास असे. हळकुंड मोडताना होणाऱ्या आवाजावरून ते मालाची प्रत ओळखत. घरातल्या माणसांची प्रत ओळखायला त्यांना कधी सवड झाली नाही.

आम्हा जैनांच्या घरी चातुर्मासात नियम घेतात. कुणी चार महिने पालेभाजी सोडतो, कुणी गोड, कुणी अनवाणी चालतो. नियम देवासमोर उभे राहून घ्यायचा, आणि आजारपणाची, प्रवासाची जी काही सूट हवी असेल ती त्याच क्षणी मागून घ्यायची. मागाहून सूट नसते.

“नुसतं सांगून पोरं ऐकत न्हाईत,” सासरे म्हणाले. “टीव्हीचा नियमच देऊ तिला. आपण सगळेच घेऊ, म्हणजे तिला वाईट वाटायचं न्हाई.”

“अण्णा, आणि क्रिकेट?” माझ्या नवऱ्याने विचारले. कुपवाडला त्याचा छोटा कारखाना होता. तिथे कामगारांना तो शिस्तीवर भाषणे देत असे.

“सूट मागून घे की.”

त्याने क्रिकेटची सूट मागितली. सासऱ्यांनी बातम्यांची आणि धार्मिक मालिकांची मागितली. साताऱ्याहून एम.ए.ला कविता शिकून आलेल्या या सुनेने काव्यवाचनाच्या कार्यक्रमांची मागितली. असा कार्यक्रम त्या चार महिन्यांत मी एकही पाहिला नाही. दुपारच्या मालिकांत दागिने घातलेल्या बायका रडत. त्या रडण्यालाही एक लय असते, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती.

मुलीला मात्र सूट मागता येते हे कुणी सांगितले नाही. “कार्तिक पौर्णिमेपर्यंत टीव्ही बघणार नाही,” असे ती देवासमोर स्वच्छ आवाजात म्हणाली. धुपाचा वास, गार फरशी आणि तो आवाज. आम्हा तिघांना अगदी कृतार्थ वाटले.

रोज संध्याकाळी ती दिवाणखान्याकडे पाठ करून स्वयंपाकघरात बसू लागली. ताटाळ्यातल्या स्टीलच्या ताटांवर पडद्याचा निळा उजेड हलायचा, म्हणून एके दिवशी तिने ताटाळ्यावर आज्जांचा पंचा टाकला. आज्जांनी ते कौतुकाने यार्डभर सांगितले. सांगून घरी आले आणि टीव्ही लावून बसले.

पंधरा ऑगस्टला शाळेत तिने कविता म्हटली. कृष्णेवरची, मीच लिहून दिलेली. केबलवाल्याने सगळा कार्यक्रम कॅमेऱ्यात घेतला होता. “उद्या साडेसातला लावतो, वहिनी. गावभर दिसंल पोरगी.”

दुसऱ्या दिवशी दिवाणखान्यात माणसे मावेनात. शेजारी आले, कारखान्यातली दोन माणसे आली. मी ठेवणीतले पातळ नेसले होते, जणू पडद्यावर मीच दिसणार होते. मुलगी आत पंच्याखालच्या ताटांपाशी बसलेली.

“ये बाळ,” सासऱ्यांनी हाक मारली. “आजच्यापुरती सूट.”

“आज्जा, सूट आधी मागायची असते. तुम्हीच सांगितलंय.”

“अगं, दहा मिनिटांचं काम,” नवरा म्हणाला. “देवाला कळतंय सगळं.”

“म्हणूनच की.”

शेजारीण हसली. “आवं, पोरगी लय पक्की हाय.”

सासऱ्यांचा आवाज चढला. “मोठी माणसं सांगत्यात ते ऐकायचं असतंय.”

“तुम्ही पण नियम घेतला होता ना, आज्जा?” तिने विचारले. खोचकपणे नव्हे, तिला खरोखर जाणून घ्यायचे होते. नवऱ्याने आवाज वाढवला, टीव्हीचा.

मी आत गेले. “माझ्यासाठी तरी ये,” असे म्हणण्याइतकी मी कोडगी होते. तिचे डोळे भरून आले होते. हात गुडघ्यांभोवती घट्ट. तिला बघायचे होते; आम्हा सर्वांहून अधिक तिलाच बघायचे होते. “आई,” ती म्हणाली, “म्हणताना माझी एक वेणी सुटली होती. ती दिसते का, तेवढं बघून ये.”

मी बाहेर येऊन बसले. दहा मिनिटे झाली, टाळ्या झाल्या, शेजारी गेले. ती दारात आली.

“वेणी दिसली?”

सासऱ्यांनी नवऱ्याकडे पाहिले, नवऱ्याने माझ्याकडे. शाळेत पहिल्या रांगेत पाहुणे म्हणून बसलेले सासरे पडद्यावर स्वतःचा फेटा शोधत होते. नवरा कारखान्यातल्या माणसांना आपण कुठे उभे होतो ते बोटाने दाखवत होता. आणि मी डोळे मिटून माझ्याच ओळी ऐकत होते.

“छान दिसत होतीस,” मी म्हणाले.

“वेणी, आई.”

कार्तिकात नियम फिटला त्याच संध्याकाळी ती मला हाताला धरून केबलवाल्याकडे घेऊन गेली. त्याने कॅसेट शोधली, लावली. पडद्यावर कुणाच्या तरी लग्नाची पंगत बसली होती. वाढपी जिलबी वाढत होता. “पुसून भरली, वहिनी. कॅसेटी पुरत न्हाईत.”

ती ते लग्न शेवटपर्यंत बघत उभी राहिली. मधेच कुठे आपण दिसू, या आशेने. पुढच्या आषाढात सासऱ्यांनी नियमाचा विषय काढला, तेव्हा ती पटकन म्हणाली, “मला बातम्यांची सूट हवी.”

सासरे खूश झाले. पोरगी शहाणी झाली, म्हणाले.