इंग्रजीत मारलेली भांजी

आता तुम्हीच सांगा, पोराच्या भल्यासाठी आई चार शब्द वाईट बोलली तर त्यात काय चुकलं? पण नाय! एकानंबी माझ्यावर विश्वास ठेवला नाय. नवऱ्यानं नाय, सख्ख्या भावानं नाय, ज्याच्यासाठी केलं त्या पोरानं तर नायच नाय. ऐका, आन् मग बोला.

माझा संतोष शेंद्र्याला कंपनीत इलेक्ट्रिशियन. हात असा, की बंद पडलेला कूलर त्याला नुसतं बघून सुरू व्हावा. झालं! रविवार उजाडला की अख्खी गल्ली आमच्या दारात. "काकू, संतोषला जरा पाठवता का?" यांचं 'जरा' म्हणजे दिवस मावळायचा! पोराची भाकर ताटात वाळायची. मग मी ठरवलं, कुणी विचारलं की पोराला नावं ठेवायची.

पण मराठीत कशी ठेवणार? वास्तू 'तथास्तु' म्हणती. मी 'निकामी' म्हणायची आन् पोरगा खरंच निकामी व्हायचा! म्हणून इंग्रजी. वास्तूला कुठं इंग्रजी येतं? मी चौथी पास, पण टीव्हीवरून तेवढे शब्द बरोबर उचलले होते. युजलेस. होपलेस. बोगस. अनफिट.

एका रविवारी मी ओट्यावर लसूण सोलत बसले होते. एक टोपीवाला माणूस स्कूटरवर आला.

"बाई, संतोष इथंच राहतो ना? पोरगा कसाय?"

घ्या! आला आणखी एक कूलर!

"मला काय विचारता? मी शेजारची. पण त्याचं नाव काढू नका. युजलेस!"

"म्हणजे... कामाला?"

"कशालाच! होपलेस. बोगस. एकदम अनफिट!"

माणूस पांढराफटक. स्कूटरला किक मारायची शुद्ध नाय, ढकलतच गेला. मी खूश. वाचवलं पोराला!

संध्याकाळी भावाचा फोन. त्यानं करमाडची एक मुलगी संतोषसाठी सुचवली होती. कंपनीत त्याच्याच संगं कामाला, दोघांची पसंती कधीच झालेली. मोठ्यांचं 'व्हय' तेवढं बाकी होतं.

"अक्का, सोयरीक मोडली! मुलीचा बाप गुपचूप चौकशीला आला होता. तुमच्या गल्लीतल्या कुण्या बाईनं भांजी मारली."

"कोण ती सटवी?"

"नाव नाय माहीत. पण इंग्रजीत बोलली म्हणं. एवढी शिकलेली बाई खोटं कशाला बोलंल, असं त्यांचं म्हणणं."

संतोषनं ताट सारलं आन् भिंतीकडं तोंड करून पडला. माझ्या डोक्यात जाळ! तुम्ही म्हणाल, तुझ्या ध्यानात कसं आलं नाय? अहो, माझ्या लेखी तो माणूस कूलरवाला!

गल्लीत इंग्रजी येणारी बाई एकच. शोभा. पोरांच्या शिकवण्या घेते. गेले तिच्या दारात.

"भवाने, माझ्या पोराचं लग्न मोडतीस व्हय गं?"

"मी? अगं कौसल्या, मी आत्ताच माहेराहून आले!"

"मग इंग्रजी काय म्हशी बोलल्या?"

शोभाबी काय कमी नाय. "चल करमाडला! तोंडावर विचारू."

संतोषला मधी घातलं आन् निघालो रिक्षानं.

करमाडात त्यांच्या अंगणात मी पदर खोचून उभी. "त्या बाईचं नाव सांगा मला! तिच्या झिंज्या नाय उपटल्या तर..."

घरातून टोपीवाला बाहेर आला.

त्यानं मला बघितलं. मी त्याला. कमरेवरचा माझा हात आपोआप खाली आला.

"शेजारीणबाई, तुम्ही इथं कशा?"

"शेजारीण कुठली!" शोभा म्हणाली. "ही संतोषची आई."

मग मी कूलरचं सगळं सांगितलं. भडाभडा, मराठीत. पण विश्वास? काडीचा नाय! शेवटी शोभाच बोलली, "दादा, ही सगळ्यांना असंच सांगती. पोरगा हिरा हाय. माझा मेलेला कूलर त्यानं उठवला." एवढ्या शिव्या खाऊनबी बोलली, बरं का!

मुलगी चहा घेऊन आली. संतोषकडं बघून गालात हसली. ते बापानं बघितलं, टोपी काढून डोकं खाजवलं.

"सोयरीक पक्की. पण विहीणबाई, तुम्ही नाव मागायला आलात ना? ते काय मला ठाऊक नाय." मग संतोषकडं वळून म्हणाले, "जावईबापू, भांजी मारणाऱ्या बाईचं नाव तेवढं सांगून टाका यांना."

पोटचं पोर माझं! जराबी लाजलं नाय. छाती फुगवून म्हणालं,

"कौसल्या."