टॉर्क रेंच बाबांसाठी घेतला

मंडळी, आमच्या गाडीच्या इंजिनाच्या वरच्या झाकणातून तेल गळत होतं. आज मुलुंडला, बिल्डिंगखालीच ते बंद केलं.

सकाळी बाबांना घेऊन साकीनाक्याला गेले. स्पेअर पार्टच्या दुकानदाराने झाकणाखाली बसवायला दिलेलं पॅकिंग कडक लागलं, म्हणून मऊ रबराचं मागून घेतलं. शिवाय टॉर्क रेंच. बोल्ट हवा तेवढा आवळला की हा पाना 'टक्' वाजतो.

बाबा म्हणाले, "हा कशाला? साध्या पान्याने आवळ ना."

"मी नाही, तुम्ही आवळायचेत."

पॅरालिसिसनंतर हाताचा अंदाज गेला म्हणून त्यांनी गाडीचं काम सोडलं होतं. आज सगळे बोल्ट त्यांनीच आवळले. गाडी चालू केली, थेंबही गळला नाही.

आत्ता ते शेजारच्या काकांच्या गाडीत डोकावतायत.

तुमच्या घरी कोणाचं आवडतं काम सुटलंय का?