शिळं पाणी

कल्याणच्या फलाटावर गाडी सुटता सुटता आईने माझ्या हातात पाण्याची आणखी एक बाटली कोंबली. "वाळवंट आहे ना तिकडे, घे," म्हणाली, आणि रडायच्या ऐवजी चिडली, "कोकणातल्या माणसाची पोर वाळूत काय शिकणार, ते तूच जाणे!" बाबा वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून नुकतेच रिटायर झालेले. ते एवढंच म्हणाले, "पोचलीस की फोन कर."

मी गेलेले राजस्थानातल्या एका विद्यापीठात, वाळवंटातलं पाणी आणि गवत कसं राखायचं यावर पीएचडी करायला. नातेवाइकांना हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. "म्हणजे शेतीच ना?" हो बाबा, शेतीच समजा. नात्यातले जे बंगळुरूला, जर्मनीला गेले त्यांना एका शब्दात सांगता यायचं, त्याचा मला हेवा वाटायचा.

खरं काम विद्यापीठापासून लांब, एका गावात. गायरानाचा एक तुकडा कुंपण घालून बंद केलेला. जनावरं आत सोडली नाहीत तर गवत किती परत येतं, ते बघायचं. पण पाऊस हुकला, चारा संपला, आणि लोक त्या कुंपणाकडे डोळे वटारून बघायला लागले. त्यांचं तरी काय चुकलं? बकऱ्या उपाशी आणि गवत शहरातल्या पोरीच्या अभ्यासाला! शेवटी कुंपण ठेवायचं की काढायचं हे ठरवायला गाव जमणार होतं, तेही मी राहायचे त्या काकीसांच्या अंगणात. काकीसा म्हणजे तिकडची काकू. कुंपण निघालं असतं तर माझी सगळी मेहनत मातीत गेली असती.

आणि नेमकी आदल्या दिवशी आई येऊन थडकली. मला परत न्यायला. बाबांना जिना चढताना धाप लागायला लागलेली, मामाने ठाण्यात नोकरी बघून ठेवलेली. "पुरे झालं आता. सामान आवर." मी म्हटलं, उद्याचं तेवढं होऊ दे. तिने माझे कपडे घडी करायला घेतले.

सकाळी कुरणावरून परत येते तर अंगण ओलं. आई पदर खोचून उभी, आणि काकीसांचे पाण्याचे हंडे घासून लख्ख करून पालथे घातलेले. आमच्या आंबिवलीत नळ आला की कालचं पाणी ओतायचं, भांडी घासायची, ताजं भरायचं. आजीपासूनची रीत. "पाहुणे येणार म्हणालीस ना, म्हणून शिळं ओतून टाकलं," आई खुशीत म्हणाली. "नळ कधी येतो गं इकडे?"

नळ कसला! जमिनीखालच्या टाक्यात गेल्या पावसाचं जे तळाशी उरलेलं, ते पाणी होतं ते. टँकर येईपर्यंत अख्ख्या घराला तेच. तूप सांडलं तर काही जात नाही, पाणी सांडलं तर जीव जळतो, असं म्हणणारी माणसं ही. काकीसांनी ओल्या वाळूकडे बघितलं आणि ओढणी तोंडावर ओढली. इथे नळ नसतो, एवढंच आईला सांगितलं; ओरडायलाही वेळ नव्हता, माणसं यायला लागलेली.

गावातले सगळ्यांत वडीलधारे, ज्यांना सगळे बासा म्हणायचे, ते खाटेवर बसले. काठीने त्यांनी वाळू उकरली. "पानी किसने गिराया?" पाणी राखायला शिकणाऱ्या पोरीच्याच घरच्यांनी ते सांडलं म्हटल्यावर तिचं कुंपण कोण ठेवणार!

"बकरी ने," काकीसा पटकन म्हणाल्या. हुश्श! वाटलं, सुटले. तेवढ्यात आई पुढे झाली.

"बकरी नाय, मैंने फेका. हमारे उधर शिळा पानी कोई पीता नाही. गलती मेरा है, लडकी का नाही. वो तो एक बालटी में सब भागवती है, मैंने कल देखा ना! उसका कुंपण मत काढो."

बासांनी काठी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "आप तो इसे लेने आई थीं?"

"आयी थी," आई म्हणाली. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. "अब काम पूरा करके आयेगी."

अर्धं कुंपण निघालं, अर्धं राहिलं. अर्धं बकऱ्यांना गेलं ते रास्तच होतं. उरलेल्या अर्ध्यावर माझी पीएचडी झाली आणि आता मी तिकडेच शिकवते. आई मात्र त्या वेळी एकटीच परत गेली. बाबा अजून जिन्यात मध्येच थांबतात आणि तेव्हा हात द्यायला मी नसते. फार टोचतं ते. घर कुठलं असं कोणी विचारलं की माझी जीभ अडखळते.

परवा आंबिवलीला गेलेले. सकाळी नळ आला. आईने कळशीतलं कालचं पाणी पेल्यात ओतून घेतलं, सगळं पिऊन टाकलं आणि मगच कळशी नळाखाली लावली. बाबा हसले, "तिकडून आल्यापासून हे असंच चाललंय. मलापण तेच पाजते."

मी म्हटलं, "अगं आई, इकडे येतो की रोज नळ!"

"इकडे येतो गं," ती म्हणाली. "तुझ्याकडे येत नाही ना."