कोंबड्यांपुढे टाकलेला पुरावा

ते प्रकरण मला आजही लख्ख आठवते. म्हणूनच आमच्या वसाहतीतल्या सेक्टर दोनच्या बाकावर रोज सायंकाळी त्याची जी मोडतोड चालते, ती मला खपत नाही. तिथले निवृत्त सद्गृहस्थ सांगतात, "गरिबांना स्वस्त तांदूळ दिला की ते विकून मोकळे होतात. आपला कर पाण्यात! पोलिसांनीच पकडले होते." पकडले होते मी. कोणाला, ते मीच सांगेन.

खबऱ्याने कळवले की बाजारातल्या एका किराणा व्यापाऱ्याच्या गोदामात रेशनचा तांदूळ साध्या गोण्यांत भरला जात आहे. छापा घातला, पंचनामा केला, माल सीलबंद केला. रेशनच्या तांदळात पोषणासाठी वेगळे तयार केलेले फिकट दाणे मिसळलेले असतात. खाद्य निरीक्षकांनी ते ओळखले. व्यापारी मात्र डगमगला नाही. "अहिवाऱ्याच्या खाणवस्तीतल्या बायांकडून घरोघर विकत घेतला, साहेब. त्याच विकतात."

रेशन दुकानाच्या यंत्रात त्या वस्तीतल्या प्रत्येकीचा अंगठा उमटलेला होता. म्हणजे तांदूळ मिळाला होता. साऱ्या वस्तीची कार्डे रद्द करण्याची तयारी सुरू झाली. वरिष्ठांच्या मते तपास संपला होता. माझ्या मते तो सुरूही झाला नव्हता.

मी अहिवाऱ्याला गेलो. पहिल्याच अंगणात एक बाई सुपात तांदूळ निवडत बसली होती. माहेर भंडाऱ्याकडचे, नवरा चुनखडीच्या खाणीत ठेक्यावर.

"कावून आले, साहेब? कार्ड कापाले?"

"तांदूळ विकला का, बाई?"

"विकाले उरते कुठी? दुकानदार अंगठा पुरा घेते अन् तांदूळ आधा देते. म्हनते, स्टॉक आला की देतो. त्याचा स्टॉक माह्या नवऱ्याच्या ओव्हरटाइमवानी हाय, येतच नाही!"

बोलता बोलता ती सुपातले काही दाणे वेचून कोंबड्यांपुढे फेकत होती. ते काय, असे मी विचारले.

"पिलास्टिक! सरकार तांदळात पिलास्टिक मिसळून राहिलं. आमी साऱ्याजनी ते निवडतो, मंगच डब्यात भरतो."

ते पोषणाचे दाणे होते. मला हसू आवरले नाही.

"हासता काय? कार्ड गेलं तं लेकरायले पिलास्टिक चारू का?"

माझे हसू तिथेच थांबले. मग मी घरोघर डबे उघडून पाहिले. फिकट दाणा एकाही डब्यात नव्हता.

ठाण्यात परतल्यावर व्यापाऱ्यासाठी चहा मागवला. खोटे बोलणाऱ्याला दरडावले की तो गप्प बसतो; आरामात बसवले की खोट्याला नक्षी काढतो.

"शेठजी, बायांकडचा माल स्वच्छ असतो का हो?"

"एकदम साफ, साहेब! ते दाणे प्लास्टिक समजून काढून टाकतात. माझ्यासमोर सुपात निवडतात, तेव्हाच घेतो. बिना निवडा माल मैं छूता नहीं!"

हा जबाब मी शब्दशः लिहून घेतला आणि त्यावर त्याची सही घेतली. मग पंचांसमक्ष सीलबंद गोणी उघडून तांदूळ टेबलावर पसरला. फिकट दाणे जिकडेतिकडे दिसत होते.

"घ्या शेठजी, निवडलेला माल."

त्याने चहाचा कप बाजूला सारला. हा तांदूळ कोणत्याही सुपात गेलेलाच नव्हता. पुढे त्याने सगळे ओकले : बायांचे अंगठे घेऊन रेशन दुकानदार उरलेला तांदूळ दुकानाच्या मागच्या दाराने थेट त्याच्याकडे पाठवत होता.

काही सहकारी आजही सांगतात की प्रकरण खाद्य निरीक्षकांनी उलगडले. दाणे त्यांनी ओळखले, हे मान्य. पण त्या दाण्यांचे बाया काय करतात, हे कळायला अहिवाऱ्याच्या अंगणात उभे राहावे लागते. ते उभे राहिले नव्हते.

दुकानदार आणि व्यापारी दोघेही आत गेले. कार्डे वाचली, आणि राहिलेला तांदूळ माझ्या डोळ्यांदेखत तोलून दिला गेला.

मीही निवृत्तिवेतनावर कर भरतो. तो कुठे जातो हे विचारण्याचा हक्क मलाही आहे. पण माझ्या कराचा तांदूळ हरवला, तर मी आधी वाटेतले हात तपासतो, जेवणाऱ्याचे ताट नंतर. बाकावरच्या मंडळींनी हे खोडून दाखवावे. मी रोज तिथेच असतो.

त्या साऱ्या प्रकरणात मी एकच वाद हरलो. तांदूळ मिळाल्यावर त्या बाईला मी परोपरीने समजावले, की ते दाणे ताकदीचे आहेत, फेकू नका. तिने सूप झटकले आणि ती म्हणाली, "ताकदीचे हायेत, हे माहीत हाय ना साहेब. कोंबड्या पाहा कशा मातल्या!"